श्रीमंत देशांतही किमान वेतन वेगवेगळं का असतं?



आठवी-नववीच्या मुलांशी अर्थशास्त्रावर बोलताना एक प्रश्न हमखास येतो. "सर, अमेरिका सगळ्यात श्रीमंत देश आहे, मग तिथे कामगाराला सगळ्यात जास्त पगार मिळत असेल ना?" प्रश्न साधा आहे, पण उत्तर मुलांना चकित करतं. अमेरिकेत देशपातळीवरचं किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे आणि हा आकडा २००९ सालापासून एका सेंटनेही हललेला नाही. ऑस्ट्रेलियात जुलै २०२५ मध्ये तोच दर तासाला २४.९५ ऑस्ट्रेलियन डॉलर झाला. ऑस्ट्रेलियन डॉलर अमेरिकन डॉलरपेक्षा स्वस्त आहे हे धरलं तरी तो अमेरिकेच्या दुपटीहून जास्त भरतो. आणि डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे या देशांत तर किमान वेतनाचा राष्ट्रीय कायदाच नाही, तरीही तिथला सफाई कामगार या दोघांच्या तुलनेत गरीब नाही!

हे कसं काय? देश श्रीमंत असणं आणि त्या देशातल्या सर्वांत कमी पगाराच्या माणसाला काय मिळतं, या दोन गोष्टींचा संबंध आपल्याला वाटतो तितका सरळ नाही. आज हाच विषय पायरीपायरीने समजून घेऊ. लेखाच्या शेवटी वर्गात घेण्यासारखा एक उपक्रमही दिला आहे.

किमान वेतन म्हणजे काय?

मालकाने कामगाराला याच्यापेक्षा कमी पैसे द्यायचे नाहीत, अशी कायद्याने आखलेली खालची रेघ म्हणजे किमान वेतन. कामगार स्वतः "मला कमी चालेल" म्हणाला, तरी मालकाला ती रेघ ओलांडता येत नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण गरजू माणूस कितीही कमी पैशांवर हो म्हणतो.

या कल्पनेचा उगम युरोपात किंवा अमेरिकेत झाला नाही. न्यूझीलंडने १८९४ साली कामगार-मालक वाद लवादाकडे नेण्याचा कायदा केला आणि त्यातून वेतन ठरू लागलं. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात १८९६ साली वेतन मंडळं आली. १९०७ साली ऑस्ट्रेलियात न्यायमूर्ती हिगिन्स यांनी शेतीची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या खटल्यात निकाल दिला. अकुशल कामगाराला दिवसाला ७ शिलिंग मिळाले पाहिजेत, असं त्यांनी ठरवलं. हा आकडा काढताना त्यांनी कारखान्याला किती परवडतं हे पाहिलं नाही. नवरा, बायको आणि तीन मुलं साधेपणाने पण सुखाने राहायची तर किती लागेल, हे पाहिलं. त्या काळाच्या समजुतीप्रमाणे बाईचं वेतन मात्र यात कमीच धरलं गेलं, हेही मुलांना सांगायला हवं.

ब्रिटनने १९०९ साली फार कमी पगाराच्या काही मोजक्या धंद्यांपुरती मंडळं नेमली. अमेरिकेत १९३८ साली फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या काळात देशभराचा कायदा झाला आणि पहिला दर होता तासाला २५ सेंट.

रुपयांत हिशेब केला की घोटाळा होतो

आपल्याकडे कुणाचा मुलगा किंवा मुलगी परदेशी गेली की घरात पहिला हिशेब होतो तो रुपयांचा. तासाला १२ पौंड म्हणजे हजाराच्या वर रुपये, मग महिन्याचे इतके लाख! पण ते पौंड खर्चही तिथेच व्हायचे असतात. खोलीचं भाडं, बसचं तिकीट, दूध, पाव हे सगळं पौंडातच. म्हणून दोन देशांचं वेतन चलनाच्या दराने ताडून पाहणं अर्धवट असतं. त्या पैशांत तिथे काय येतं, ते पाहावं लागतं.

त्याहून चांगलं एक माप आहे आणि ते आपल्या मुलांना गणितातून आधीच माहीत असतं. ते म्हणजे मध्यक. समजा एका गावात सात कामगार आहेत आणि त्यांची रोजची मजुरी १००, १२०, १५०, २००, २३०, ३०० आणि १००० रुपये आहे. सरासरी येते ३००. पण सातांपैकी पाच जणांना ३०० सुद्धा मिळत नाहीत! एकट्या हजारवाल्याने सरासरी वर ओढली. मध्यक आहे २००, म्हणजे बरोबर मधल्या माणसाची मजुरी. आता गावाने किमान मजुरी १२० ठरवली, तर ती मध्यकाच्या ६० टक्के झाली.

देशांची तुलना अशीच करतात. फ्रान्सचं किमान वेतन तिथल्या मध्यक वेतनाच्या साधारण ६० टक्क्यांच्या आसपास असतं. ब्रिटनने ते दोन तृतीयांशापर्यंत नेण्याचं उद्दिष्ट जाहीरपणे ठेवलं. अमेरिकेचा देशपातळीवरचा दर मात्र मध्यकाच्या ३० टक्क्यांच्याही खाली आहे. म्हणजे फरक फक्त चलनाचा किंवा महागाईचा नाही. मधल्या माणसापासून तळातल्या माणसाला किती दूर राहू द्यायचं, याबद्दल प्रत्येक देशाचं उत्तर वेगळं आहे. ते का, याची पाच कारणं आता बघू.

कारण १ : आकडा कोण ठरवतं?

माझ्या मते हे सर्वांत मोठं कारण आहे आणि पाठ्यपुस्तकांत याच्यावर सगळ्यात कमी लिहिलेलं असतं.

अमेरिकेत देशपातळीवरचा दर वाढवायचा तर संसदेत नवा कायदा करावा लागतो. महागाई वाढली की दर आपोआप वाढेल, अशी सोय त्या कायद्यात नाही. दोन पक्षांचं जमलं नाही की आकडा गोठतो. २००९ ते २०२४ या काळात तिथल्या किमती साधारण ४५ टक्क्यांनी वाढल्या. दर तोच राहिला, म्हणजे त्याची खरेदीची ताकद जवळजवळ एक तृतीयांशाने घटली. १९६८ साली हा दर १.६० डॉलर होता आणि आजच्या किमतीत तो १४ डॉलरच्या आसपास भरतो. म्हणजे आजच्या अमेरिकन कामगाराच्या पायाखालची रेघ त्याच्या आजोबांच्या काळापेक्षा खाली आहे. कुणी ती मुद्दाम खाली ओढली नाही. तिला नुसतं हात न लावणंच पुरेसं ठरलं.

फ्रान्समध्ये याच्या उलट. तिथला दर दरवर्षी महागाईनुसार वाढतोच, शिवाय कामगारांच्या वेतनाची खरेदीशक्ती जितकी वाढली त्याचा निम्मा वाटा त्यात मिळवला जातो. वर्षाच्या मध्येच किमती २ टक्क्यांनी वाढल्या, तर जानेवारीची वाट न पाहता दर बदलतो. सरकारला वाटलं तर याहून जास्तही देता येतं, पण कमी देता येत नाही.

ब्रिटनने तिसरी वाट धरली. तिथे नऊ जणांचा वेतन आयोग आहे : तीन मालकांच्या बाजूचे, तीन कामगारांच्या बाजूचे आणि तीन स्वतंत्र जाणकार. ते अभ्यास करून सरकारला शिफारस करतात. देशभराचा दर एप्रिल १९९९ मध्ये ३.६० पौंडांनी सुरू झाला आणि एप्रिल २०२५ मध्ये १२.२१ पौंड झाला. पक्ष बदलले, पंतप्रधान बदलले, पण गाडी थांबली नाही. जर्मनीनेही असाच आयोग नेमला, तरी २०२२ साली संसदेने आयोगाला बाजूला ठेवून दर थेट १२ युरोवर नेला.

कारण २ : कामगार संघटना किती भक्कम आहेत?

मग ज्या देशांत कायदाच नाही तिथे काय चालतं? डेन्मार्कमध्ये १८९९ साली आणि स्वीडनमध्ये १९३८ साली मालकांच्या आणि कामगारांच्या संघटनांनी आपापसांत मोठे करार केले. वेतन आम्ही बसून ठरवू, सरकारने मध्ये पडू नये, असा त्यांचा साधारण आशय होता. आजही तिथे उद्योगनिहाय सामूहिक करार होतात. स्वीडनमध्ये जवळजवळ ९० टक्के कामगार अशा करारांखाली येतात. म्हणून किमान वेतनाचा कायदा आणायचा म्हटलं की तिथे सर्वांत आधी विरोध करतात त्या कामगार संघटनाच! सरकारने आकडा ठरवला तर आपली ताकद जाईल आणि दर उलट खाली येतील, अशी त्यांची भीती असते.

तिथे लोक संघटनेत का राहतात, याचंही एक व्यवहारी कारण आहे. डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये बेकारी विम्याचे निधी पूर्वापार संघटनांशी जोडलेले आहेत. नोकरी गेली तर आधार तिथूनच मिळतो. अमेरिकेत आज सुमारे १० टक्केच कामगार संघटनेचे सदस्य आहेत. म्हणजे तिथे कायद्याचा दरही कमी आणि भाव करायला सोबत कुणी नाही, अशी दुहेरी अडचण.

जर्मनी या दोन्हींच्या मध्ये सापडतो. तिथेही पूर्वी करारांवरच भागत होतं आणि काही मोठ्या संघटनांना कायदा नकोच होता. पण दोन्ही जर्मनी एकत्र आल्यावर करारांच्या छत्राखालचे कामगार कमी होत गेले, हॉटेलं, सफाई, केशकर्तनालयं अशा कामांत मजुरी फार खाली गेली आणि अखेर १ जानेवारी २०१५ पासून ८.५० युरोचा देशव्यापी दर आला.

कारण ३ : देश एक, दर अनेक

आपण "अमेरिकेचं किमान वेतन" म्हणतो खरं, पण तिथे राज्यांना स्वतःचा जास्त दर ठरवता येतो. २०२५ साली कॅलिफोर्नियात तो १६.५० डॉलर आणि वॉशिंग्टन राज्यात १६.६६ डॉलर होता. अलाबामा, मिसिसिपी, लुइझियाना, टेनेसी आणि साउथ कॅरोलिना या पाच राज्यांनी स्वतःचा कायदाच केलेला नाही, तिथे ७.२५ वरच भागवायचं. जपानमध्येही प्रत्येक प्रांताचा दर वेगळा आहे आणि टोकियोचा सर्वांत वर असतो. स्वित्झर्लंडमध्ये २०१४ साली देशभर तासाला २२ फ्रँक द्यावेत का यावर मतदान झालं आणि तीन चतुर्थांशांहून जास्त लोकांनी नको म्हटलं. पण २०२० साली जिनिव्हाच्या लोकांनी आपल्या भागापुरता २३ फ्रँकचा दर मंजूर केला.

शिवाय एकाच गावातही सगळ्यांना एकच दर नसतो. ब्रिटनमध्ये १८ ते २० वयाच्या मुलांचा दर एप्रिल २०२५ मध्ये १० पौंड झाला आणि २१ पूर्ण झाल्यावर पूर्ण दर. अमेरिकेच्या कायद्यात टिप मिळणाऱ्या वेटरसाठी तासाला फक्त २.१३ डॉलर आहेत आणि तो आकडा १९९१ पासूनचा आहे. टिप धरून ७.२५ भरले नाहीत तर उरलेले मालकाने द्यायचे, असा नियम आहे. लक्झेंबर्गमध्ये शिकलेल्या कुशल कामगाराचं किमान वेतन अकुशल कामगारापेक्षा २० टक्के जास्त असतं.

कारण ४ : पाकिटाबाहेरचं वेतन

दोन देशांत हातात सारखेच पैसे आले तरी जगणं सारखं होईलच असं नाही. फ्रान्समध्ये वेतनातून सामाजिक विम्याचा हप्ता कापला जातो. २०२५ साली तिथलं महिन्याचं किमान वेतन कागदावर सुमारे १८०० युरो होतं आणि हातात येत होते सुमारे १४२६. पण त्या कापलेल्या पैशांतून दवाखाना, पेन्शन, बेकारी भत्ता यांची सोय होते. अमेरिकेत आरोग्य विमा बहुतांश नोकरीशी बांधलेला आहे आणि कमी पगाराच्या नोकरीत तो बऱ्याचदा नसतो.

काही देश खालची रेघ फार उंच न ठेवता सरकारी तिजोरीतून भर घालतात. अमेरिकेत १९७५ पासून कमी कमाईच्या कष्टकरी कुटुंबांना करातून पैसे परत देण्याची योजना आहे. सिंगापूरमध्ये सर्वांसाठी किमान वेतन नाही, पण सफाई, सुरक्षारक्षक अशा कामांत कौशल्याच्या पायऱ्यांनुसार वेतन ठरवलं आहे आणि वर सरकारची भरही आहे. इथे मुलांना एक प्रश्न जरूर विचारा : गरीब कामगाराच्या संसाराला लागणारे उरलेले पैसे कुणी द्यावेत? मालकाने, गिऱ्हाइकाने की कर भरणाऱ्या सगळ्यांनी? प्रत्येक देशाने याची वाटणी वेगळी केली आहे.

कारण ५ : नोकऱ्या जातील ही भीती

मजुरी महाग केली की मालक माणसं कमी करेल, हे साधं गणित वाटतं. अर्थशास्त्रज्ञांनाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. १९९२ साली अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्याने दर ४.२५ वरून ५.०५ डॉलर केला, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने नाही. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी दोन्हीकडच्या सुमारे ४०० फास्ट फूड दुकानांची पाहणी केली. न्यू जर्सीत नोकऱ्या कमी झाल्याचं त्यांना दिसलं नाही. या निष्कर्षावर पुढे खूप वाद झाला, पण विचार करण्याची पद्धतच बदलली. कार्ड यांना २०२१ साली नोबेल पुरस्कार मिळाला. क्रूगर त्याआधीच वारले होते.

असं का होत असावं? गावात एकच कारखाना असेल तर कामगाराला दुसरीकडे जाता येत नाही आणि मालक त्याच्या कामाच्या मोलापेक्षा कमी देऊ शकतो. अशा ठिकाणी रेघ थोडी वर नेली तर मालकाचा नफा घटतो, पण काम तर करून घ्यावंच लागतं. जोन रॉबिन्सन यांनी हे १९३३ सालीच मांडलं होतं.

पण याचा अर्थ हवा तो आकडा लिहावा असा नाही. दक्षिण कोरियाने २०१८ साली एका फटक्यात १६.४ टक्के आणि पुढच्या वर्षी १०.९ टक्के वाढ केली. छोटे दुकानदार रस्त्यावर उतरले. २०२० पर्यंत तासाला १०,००० वॉन देण्याचं वचन पूर्ण होणार नाही म्हणून राष्ट्राध्यक्ष मून जे-इन यांना जाहीर माफी मागावी लागली. तो टप्पा २०२५ साली गाठला गेला. म्हणजे किती वाढवायचं याच्याइतकंच किती वेगाने वाढवायचं, हेही महत्त्वाचं.

आपला याच्याशी काय संबंध?

दोन संबंध आहेत. पहिला म्हणजे आपला स्वतःचा कायदा. भारतात किमान वेतन कायदा १९४८ सालीच झाला, म्हणजे जर्मनीच्या कितीतरी आधी. महाराष्ट्रात उद्योगानुसार आणि परिमंडळानुसार दर ठरतात आणि महागाईनुसार विशेष भत्ता बदलतो. कायदा लवकर होणं वेगळं आणि तो प्रत्येक मजुरापर्यंत पोचणं वेगळं, हे आपण रोज बघतोच.

दुसरा संबंध पालकांसाठी. मुलं ब्रिटन-ऑस्ट्रेलियात शिकायला जातात आणि फावल्या वेळात काम करतात. कर्जाचा हप्ता त्या कमाईतून फिटेल असं गृहीत धरण्याआधी कागदावर हिशेब करा. ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला शिक्षणाच्या काळात आठवड्याला २० तासच काम करता येतं. एप्रिल २०२५ च्या १२.२१ च्या दराने ते २४४ पौंड होतात आणि मोठ्या शहरात यातला बराचसा भाग नुसत्या खोलीभाड्याला जातो. आणि मुलांना एवढं जरूर सांगून पाठवा : किमान वेतन परदेशी विद्यार्थ्यालाही लागू असतं. "रोखीने देतो, थोडे कमी घे" म्हणणारे मालक तिथेही असतात आणि काही वेळा ते आपल्याच ओळखीचे, आपलीच भाषा बोलणारे असतात. वेतनपावती मागणं हा त्या मुलाचा हक्क आहे, त्यात संकोच कसला?

वर्गात हे करून पाहा (दोन तासिका)

१. वर्गाचे तीन गट करा : कामगार, दुकानदार, गिऱ्हाईक. वर दिलेली सात मजुरांची यादी फळ्यावर लिहा.

२. प्रत्येक गटाने किमान मजुरीचा एक आकडा आणि त्यामागचं एक कारण सांगावं. मग तिन्ही गटांतून एकेक जण घेऊन आयोग नेमा आणि त्यांना एकच आकडा ठरवायला सांगा.

३. दुसऱ्या तासिकेत जाहीर करा की महागाई १० टक्क्यांनी वाढली आहे. एका वेळी अमेरिकेचा नियम लावा (सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय बदल नाही) आणि दुसऱ्या वेळी फ्रान्सचा (आपोआप वाढ). दोन्हीकडे १०० रुपयेवाल्याचं काय झालं, ते मुलांनाच मोजू द्या. एकमताची अट मी खेळापुरती कडक केली आहे, हे मुलांना सांगा.

४. शेवटी लिहायला प्रश्न द्या :
- सरासरीपेक्षा मध्यक इथे जास्त उपयोगी का?
- स्वीडनमधल्या संघटनांना कायदा का नको आहे?
- तुमच्या घरी किंवा सोसायटीत काम करणाऱ्या व्यक्तीचं वेतन कोण ठरवतं? ते शेवटचं कधी वाढलं?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मुलं घरी विचारून येतील. पालकांनो, तेव्हा विषय टाळू नका. मोलकरीण बाईंचा पगार मागच्या तीन वर्षांत वाढला नसेल आणि भाजी, गॅस, रिक्षा सगळं वाढलं असेल, तर अमेरिकेच्या ७.२५ डॉलरचं जे झालं तेच तिथेही झालं आहे. मुलासोबत वही घेऊन बसा, तीन वर्षांपूर्वीचे भाव आठवून लिहा आणि आज तो पगार किती असायला हवा होता, हे दोघांनी मिळून काढा.